सातवी रेघ

नान्नजच्या माळावर आमच्या नऊ रेघा आहेत.
कागदावर त्या सरळ आहेत.
माळावर त्या बाभळीला वळसा घालतात
आणि एके ठिकाणी, द्राक्षबागेच्या नव्या तारेखालून,
पोटावर सरपटतात.

श्रावण ते अर्धा भाद्रपद, हे चौथं वर्ष.
पहाटे साडेपाचला लायप्पा फटफटी घेऊन येतो,
हँडलला पिशवी: कडक भाकरी, शेंगाचटणी
आणि माझी दुर्बीण, जिचा डावा डोळा आता धूसर आहे.
दोनशे पावलं चालायचं. थांबायचं.
पाच मिनिटं नुसतं ऐकायचं.
पहिल्या वर्षी लायप्पाला हे पटलं नव्हतं,
"ऐकायचा पगार देत्यात व्हय?"
आता तो माझ्याआधी बोट वर करतो.

तुरेवाला चंडोल.
बसलेला असला तर ढेकूळच,
उडाला की कळतं.
वर, एका जागी थरथरत,
दिवसभर जमवलेलं सगळं ओततो खाली:
टिटवीचे दोन शब्द, कोतवालाची शिवी,
तितराच्या भांडणातला अर्धा तुकडा.
"लबाड," लायप्पा म्हणतो, "समद्यांचं उचलतंय."

पहिल्या वर्षी एक्केचाळीस नर.
दुसऱ्या वर्षी तेहेतीस.
तिसऱ्या वर्षी मी दोनदा मोजले,
कारण पहिला आकडा मला आवडला नव्हता.
दुसराही तोच आला.

चौथ्या रेघेवर गिरिपुष्पाची रोपं उभी आहेत, रांगेत,
प्रत्येकाला खड्डा, खड्ड्याला नंबर.
कुणाला तरी माळ रिकामा वाटला असणार.
कागदावर त्याला पडीक म्हणतात,
ह्या कुसळाला, पवन्याला, मारवेलीला,
ह्या खुरट्या मोकळेपणाला,
ज्यात कुणी लपूही शकतं आणि दिसूही शकतं.

पाचवीवर घरटं सापडलं होतं.
गवताच्या बुडख्याशी वाटीएवढं,
तोंडाशी खडे मांडलेले, उंबऱ्यासारखे.
तीन अंडी. मी लांबूनच पाहिली, श्वास धरून.
पाच दिवसांनी वाटी कोरडी
आणि भोवती पायांचे ठसे.
लांडग्याचे न्हाईत, लायप्पा म्हणाला,
मंगल कार्यालयामागची कुत्री हैत ही.
लग्नसराई संपली की माळावर येत्यात.

सातव्या रेघेवर, तिसऱ्या थांब्याला,
एक नर उठला.
टिटवी झाली, कोतवाल झाला,
मग एक शीळ: दोन चढत्या, एक लांब, घसरत जाणारी.
कुठल्याच पाखराची नव्हे.
मी लिहिलं, अनोळखी.
लायप्पानं बोट वर केलं नाही.
भाकरीचा तुकडा हातात तसाच.
"ही मायाप्पा चुलत्याची हाय.
मेंढरं विहिरीकडं गेली की असा वरडायचा."

मेंढरं विकून नऊ वर्षं झाली.
नऊ वर्षं काही चंडोल जगत नाही.
म्हणजे ह्यानं ती बापाकडून घेतली असेल,
बापानं शेजाऱ्याकडून,
आणि शेजाऱ्यानं त्या माणसाकडून,
जो आता अक्कलकोट रोडला
चादरीच्या कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन आहे.

रविवारी गेलो. गेटावर यंत्रमागांचा खडखडाट.
मायाप्पानं माझा फोन कानाला दाबून धरला,
दुसऱ्या कानात बोट घातलं.
तीनदा ऐकलं.
मला वाटलं, रडतील. तसं काही झालं नाही.
"शेवट चुकलाय," म्हणाले.
"शेवटाला अशी वर उचलायची, नायतर मेंढरू वळत न्हाई."
आणि दाखवायला ओठ आवळले.
पुढचे दात नव्हते.
नुसता वारा आला.
पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वारा,
मग हसले आणि आम्हाला चहा सांगितला.

सोमवारी सातव्या रेघेवर तो पुन्हा उठला.
नर, एक. वारा पश्चिमेचा. ढग अर्धे.
त्या शिळेला आमच्या तक्त्यात रकाना नाही.
लायप्पानं माझ्या हातून पेन घेतलं
आणि शेऱ्यात, काना-मात्रा जपत, लिहिलं:
शेवट चुकतो.

आठव्या रेघेवर कुणी नव्हतं.
आम्ही पाच मिनिटं ऐकलं.
मग अजून पाच.